मजकुराच्या घरातलं सफरचंद: एआय एजंटला नेमकी वस्तू ओळखायला मदत कशी करायची

एका स्वयंपाकघरात एआय एजंट, म्हणजे दिलेलं काम पुरं करायला स्वतःच एकेक पाऊल ठरवणारा संगणकीय प्रोग्राम, उभा आहे. हे स्वयंपाकघर खरं नाही आणि त्याचं चित्रही कुठे नाही. जे काही आहे ते वाक्यांत आहे. मूळ इंग्रजी मजकूर मराठीत आणला तर एजंटसमोर साधारण असं काही येतं:

‘तू खोलीच्या मध्यभागी उभा आहेस. आजूबाजूला नजर टाकल्यावर दिसतं: कॅबिनेट १, कॅबिनेट २, कॅबिनेट ३, काउंटरटॉप १, काउंटरटॉप २, ड्रॉवर १, ड्रॉवर २, डायनिंग टेबल १, फ्रिज १, मायक्रोवेव्ह १, सिंक १, कचऱ्याचा डबा १. तुझं काम: एक सफरचंद गरम करून फ्रिजमध्ये ठेव.’

यादीत सफरचंद नाही. यादीत फक्त जागा आहेत आणि सफरचंद त्यांतल्या कुठल्या तरी जागी असेल, उघड्यावर किंवा दाराआड. एजंटने एक आज्ञा लिहायची, उत्तरादाखल एक-दोन वाक्यं मिळणार, त्यावरून पुढची आज्ञा ठरवायची. अनोळखी घरात उभ्या असलेल्या माणसाला आपण फोनवरून ‘आता तो खण उघड, काय दिसतंय सांग’ असं म्हणत वस्तू शोधतो, तसाच हा प्रकार.

या जगाचं नाव अल्फवर्ल्ड. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. त्याच्या मागे आधीची दोन कामं आहेत. एक म्हणजे मायक्रोसॉफ्टचं २०१८ मधलं टेक्स्टवर्ल्ड, मजकुरातले खेळ तयार करायचं साधन. दुसरं म्हणजे अल्फ्रेड, घरकामाच्या सूचनांचा मोठा संच. तो एआय-टू-थोर नावाच्या चित्रमय आभासी घरावर बेतलेला आहे. अल्फवर्ल्डने चित्रातल्या त्याच खोल्या शब्दांत उतरवल्या. यामागचा विचार साधा आहे: पाहण्याची कटकट बाजूला ठेवली की एजंट विचार कसा करतो ते स्वच्छ दिसतं, आणि प्रयोगही स्वस्तात, भराभर होतात. कामांचे प्रकार सहाच: वस्तू उचलून ठेवणं, धुऊन ठेवणं, गरम करून ठेवणं, थंड करून ठेवणं, एकाच प्रकारच्या दोन वस्तू ठेवणं आणि टेबललॅम्पच्या उजेडात वस्तू न्याहाळणं. ज्या खोल्या एजंटने शिकताना पाहिलेल्याच नाहीत, अशा खोल्यांमधली १३४ कामं परीक्षेसाठी राखून ठेवलेली आहेत.

सहा प्रकारची सोपी घरकामं, मग त्यात अवघड काय? अवघड आहे ते ‘लक्ष्य’ ओळखणं, म्हणजे दिलेल्या कामासाठी नेमकी कुठली वस्तू हवी, ती कुठे आहे आणि हाताला लागलेली वस्तू तीच आहे का, हे ठरवणं. अपयशी प्रयत्नांचे लॉग, म्हणजे पावलागणिक झालेल्या नोंदी, वाचत बसलं की लक्षात येतं, एजंट बहुतेक वेळा मोठ्या तर्कात चुकत नाही. तो नावात चुकतो, मोजदादीत चुकतो आणि ‘हे मी आधी पाहिलंय का?’ या प्रश्नात चुकतो. म्हणून एजंटला मदत करायची तर आधी इथे करावी, असं माझं ठाम मत आहे. त्याला आणखी हुशार भाषा-मॉडेल (मजकूर वाचून मजकूर लिहिणारा एआय प्रोग्राम, एजंटचा जणू मेंदू) जोडायची घाई नंतर.

आधी कामाच्या वाक्याकडेच पाहू. ‘सफरचंद गरम करून फ्रिजमध्ये ठेव’ यात दोन वस्तूंची नावं आली आहेत आणि तिसरी न सांगताच गृहीत धरली आहे. सफरचंद हे लक्ष्य. फ्रिज हे शेवटचं ठिकाण. गरम करायला मायक्रोवेव्ह लागेल, पण वाक्यात तो नाही. एजंटला ही फोड करून दिली नाही तर ‘सफरचंद’ आणि ‘फ्रिज’ एकाच वाक्यात आले म्हणून तो सरळ फ्रिजकडे धाव घेतो. सफरचंद तिथेही असू शकतं, त्यामुळे ही चूक चटकन लक्षातही येत नाही. यावर पहिली मदत अगदी स्वस्त आहे: पहिली आज्ञा देण्याआधी एजंटकडून चार ओळी लिहून घ्यायच्या. लक्ष्य: सफरचंद, संख्या १. हवी ती अवस्था: गरम. साधन: मायक्रोवेव्ह. ठिकाण: फ्रिज. एवढं समोर राहिलं की पुढच्या प्रत्येक पावलाला ‘मी आत्ता यातलं काय शोधतोय?’ हा प्रश्न विचारता येतो.

आता नावांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. अल्फवर्ल्डमध्ये प्रत्येक वस्तूला प्रकार आणि क्रमांक असतो: सफरचंद १, सफरचंद २, सुरी ३. समजा एजंट काउंटरटॉपवर गेला आणि उत्तर आलं: ‘काउंटरटॉप १ वर दिसतं: ब्रेड १, कप २, सुरी १, बटाटा ३.’ सफरचंद दिसलेलं नसतानाही कच्चा एजंट लिहितो, ‘काउंटरटॉप १ वरून सफरचंद १ उचल.’ उत्तर येतं: ‘काहीच घडत नाही.’

हे तीन शब्द या जगातली सगळ्यात मोठी डोकेदुखी आहेत. काहीच घडलं नाही, पण का? वस्तू तिथे नाही म्हणून? क्रमांक चुकला म्हणून? हातात आधीच दुसरं काही आहे म्हणून? की आज्ञेची भाषा चुकली म्हणून? वस्तू ठेवण्याच्या मूळ इंग्रजी आज्ञेत ‘इन/ऑन’ असं मध्ये तिरकी रेघ देऊनच लिहावं लागायचं. नुसतं ‘इन’ लिहिलं की हेच उत्तर. चार वेगळ्या कारणांना एकच प्रतिसाद मिळाल्यावर एजंट गोंधळतो आणि तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतो. इथे मदतीचे दोन मार्ग आहेत. एक, त्या क्षणी चालू शकणाऱ्या आज्ञांची यादी एजंटला दाखवायची; अल्फवर्ल्डमध्ये ती सोय आहे. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: एजंटची आज्ञा जगाकडे पाठवण्याआधी मध्ये एक छोटी तपासणी बसवायची. आज्ञेतलं नाव आतापर्यंतच्या एखाद्या निरीक्षणात शब्दशः आलंय का? नसेल तर आज्ञा पुढे जाऊ द्यायची नाही आणि एजंटला सांगायचं, ‘सफरचंद १ तुला अजून कुठेच दिसलेलं नाही.’ हे वाक्य उत्तर फोडत नाही, पण चूक नेमकी कुठे झाली ते दाखवतं.

माणसाने दिलेली सूचना आली की नावांचा प्रश्न आणखी चिघळतो. ठरावीक साच्यातून प्रोग्रामने तयार केलेल्या कामाच्या वाक्यात वस्तूचं नाव जगातल्या नावाशी तंतोतंत जुळतं. माणसं मात्र आपापल्या शब्दांत बोलतात. जग ज्याला ‘क्लॉथ’ म्हणतं त्याला कुणी ‘रॅग’ म्हणतं, ‘सीडी’ला कुणी ‘डिस्क’ म्हणतं. माणसांच्या शब्दांत काम दिलं की एजंटचं यश घसरतं, हे अल्फवर्ल्डच्या मूळ अभ्यासातच दिसलं होतं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे अर्थाने जवळची वस्तू शोधणं. शब्दांचे अर्थ आकड्यांत मांडता येतात आणि दोन शब्द एकमेकांच्या किती जवळ आहेत ते मोजता येतं. ‘रॅग’ आणि ‘क्लॉथ’ जवळ निघतात, काम होतं. पण याच मोजपट्टीवर ‘कप’ आणि ‘मग’ही जवळ निघतात, आणि अल्फवर्ल्डमध्ये त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कामात मग मागितला असेल आणि एजंटने कप गरम करून ठेवला तर काम पूर्ण झालं असं जग मानत नाही. साबणाची वडी आणि साबणाची बाटली, पॉट आणि पॅन, यांचंही तेच. म्हणून अर्थाची जवळीक फक्त उमेदवार निवडायला वापरावी; निर्णय त्या जगाच्या शब्दसूचीवर सोडावा. मागितलेला शब्द जगाच्या सूचीत जसाच्या तसा असेल तर दुसरा कुठलाही उमेदवार विचारातच घ्यायचा नाही. तो सूचीत नसेल तरच जवळचे शब्द पाहायचे. एवढ्या एका नियमाने बरीच पडझड थांबते.

कुठे शोधायचं, हा भाग भाषा-मॉडेलांमुळे पुष्कळ सोपा झाला आहे. सफरचंद टेबलावर, काउंटरवर किंवा फ्रिजमध्ये असण्याची शक्यता जास्त, हे मॉडेलला माहीत असतं; पूर्वीच्या एजंटांना ते हजारो वेळा खेळून शिकावं लागे. २०२२ मधल्या रिॲक्ट या पद्धतीत मॉडेलला प्रत्येक आज्ञेबरोबर विचारही लिहायची मुभा दिली: ‘आधी सफरचंद शोधायला हवं. ते बहुधा टेबलावर किंवा काउंटरवर असेल. टेबलापासून सुरुवात करतो.’ नुसत्या आज्ञा देणाऱ्या एजंटला अल्फवर्ल्डमध्ये जास्तीत जास्त ४५ टक्के कामं जमली, विचार लिहिणाऱ्याला ७१ टक्के. मॉडेल तेच, खोल्या त्याच. फरक पडला तो आपण काय शोधतोय हे मधूनमधून शब्दांत मांडल्यामुळे.

मात्र हा अंदाज म्हणजे शोधाचा क्रम आहे, पुरावा नव्हे. या खोल्यांमध्ये वस्तू कधीकधी विचित्र जागी ठेवलेल्या असतात, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा. ‘सफरचंद कचऱ्यात कसं असेल?’ असं म्हणून एजंट तो डबा टाळतो आणि टेबल, काउंटर, फ्रिज यांच्याच चकरा मारत राहतो. अशा वेळी त्याला हवी असते नोंदवही. खरं तर नोंदवही ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची मदत वाटते, म्हणून ती जरा जवळून पाहू.

समजा एजंट ड्रॉवर १ पाशी गेला. उत्तर आलं: ‘ड्रॉवर १ बंद आहे.’ एजंटला वाटतं, ड्रॉवर १ झाला, आता पुढचा. पण त्याने आत पाहिलेलंच नाही. ‘तिथे गेलो’ आणि ‘तिथे पाहिलं’ या दोन गोष्टी वहीत वेगळ्या हव्यात. चांगली वही अशी दिसते:

टेबल १: पाहिलं, सफरचंद नाही.
काउंटरटॉप १: पाहिला, सफरचंद नाही, सुरी १ आहे.
ड्रॉवर १: गेलो, बंद, आत पाहिलेलं नाही.
फ्रिज १: उघडला, पाहिला, सफरचंद नाही.
कचऱ्याचा डबा १: गेलो नाही.

ही वही एजंटने आठवणीतून लिहायची नाही. जगाकडून येणाऱ्या प्रत्येक उत्तरावरून ती एका साध्या प्रोग्रामने भरत जावी आणि दर पावलाला एजंटसमोर ठेवावी. मॉडेलला आठवायला सांगितलं की ते न घडलेल्या गोष्टीही आठवतं. हातात नसलेली वस्तू आपल्याकडे आहे असं समजून एजंट पुढे निघून जातो, हे अशा लॉगमध्ये वारंवार दिसतं. वहीत ‘हात: रिकामा’ अशी एक ओळ असली तर तो मायक्रोवेव्हपर्यंत विनाकारण जात नाही. शिवाय ‘काउंटरटॉप १ वर सुरी १’ ही नोंद आत्ता निरुपयोगी वाटली, तरी शोधताना वाटेत दिसलेलं सगळं टिपून ठेवलं की दोन वस्तूंच्या कामात दुसरी वस्तू शोधायला पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागत नाही. त्या कामात आणखी एक गोची आहे: एका वेळी हातात एकच वस्तू मावते, आणि पहिली वस्तू जागेवर ठेवल्यावर एजंट तीच पुन्हा उचलतो. क्रमांक लिहून ठेवला की हा प्रश्न तिथेच मिटतो.

वस्तू सापडली तरी ओळख पूर्ण होत नाही, कारण हवं आहे ते गरम सफरचंद. अल्फवर्ल्डमध्ये सफरचंद १ गरम केल्यावरही त्याचं नाव सफरचंद १ च राहतं. नावावरून अवस्था कळत नाही, ती वहीतच ठेवावी लागते.

याच्या उलट प्रकार सायन्सवर्ल्डमध्ये पाहायला मिळतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआयच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं हे मजकुरातलं जग. त्यात शाळकरी विज्ञानाची ३० प्रकारची कामं आहेत आणि स्वयंपाकघर, कार्यशाळा, हरितगृह, धातू वितळवायची भट्टी अशा दहा जागा. इथे बर्फ तापवला की त्याचं नाव ‘पाणी’ होतं, आणखी तापवला की ‘वाफ’. वस्तू तीच, नाव बदललेलं. मघाशी सांगितलेली ‘नाव शब्दशः जुळतं का’ ही तपासणी इथे एजंटला उलट अडवेल. तेव्हा एका जगात लागू पडलेला उपाय दुसऱ्या जगात आंधळेपणाने नेऊ नये. वस्तूची ओळख नावावर टिकते की ती ज्या भांड्यात आहे त्यावर आणि तिच्या इतिहासावर, हे त्या त्या जगाचे नियम वाचून ठरवावं लागतं.

सायन्सवर्ल्डमध्ये लक्ष्य ओळखणं हा परीक्षेचाच भाग केलेला आहे. तिथे ‘फोकस’ नावाची आज्ञा आहे. काम असं असतं: ‘एक सजीव शोध. आधी त्या सजीवावर फोकस कर, मग तो अमुक खोलीतल्या अमुक रंगाच्या खोक्यात ठेव.’ फोकस म्हणजे ‘हेच माझं उत्तर’ असं जाहीर करणं. चुकीच्या वस्तूवर फोकस केला की काम तिथेच संपतं आणि अपयश पदरी पडतं. ‘फोकस’ या शब्दाचा रोजचा अर्थ नीट पाहणं असा असल्यामुळे भाषा-मॉडेल तो सहज वापरून टाकतं: खुर्ची दिसली, जरा नीट पाहू, फोकस. संपलं. म्हणून एजंटला सुरुवातीलाच बजावावं लागतं की ही आज्ञा निरीक्षणासाठी नाही, आणि ती देण्याआधी दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत: कामात नेमका कुठला गुण मागितला आहे, आणि समोरच्या वस्तूत तो आहे असं कशावरून. खोलीच्या वर्णनात तर हवा हाही एक पदार्थ म्हणून येतो आणि खुद्द एजंटचंही नाव यादीत असतं. अशा यादीतून सजीव निवडायचा तर ‘यादीतलं पहिलं जुळणारं’ या पद्धतीने चालत नाही.

दोन सारख्या नावाच्या वस्तू असल्या तर सायन्सवर्ल्ड चक्क प्रश्न विचारतं: तुला यातली कुठली म्हणायची आहे, क्रमांक दे. मजकुरातल्या खेळांची ही जुनी रीत आहे. १९७७ साली एमआयटीत सुरू झालेल्या झॉर्कपासून त्या परंपरेत खेळाडूला ‘म्हणजे नेमकं कुठलं?’ असं विचारलं जात आलं आहे. एजंट हा प्रश्न ओळखत नाही आणि त्याला उत्तर म्हणून नवीच आज्ञा देतो, तेव्हा दोष मॉडेलच्या बुद्धीचा नसतो. असा प्रश्न येऊ शकतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मोठं मॉडेल घेतलं की हे सगळं आपोआप सुटेल, असं वाटणाऱ्यांनी सायन्सवर्ल्डच्या मूळ अभ्यासातला एक निकाल पाहावा. त्या जगात १ लाख पावलं प्रत्यक्ष चालून शिकलेल्या १५ लाख पॅरामीटरच्या (पॅरामीटर म्हणजे मॉडेलच्या आतले, शिकताना ठरणारे आकडे; त्यांच्या संख्येवरून मॉडेलचा आकार कळतो) छोट्या एजंटने, विज्ञानाच्या प्रश्नोत्तरांवर तयार केलेल्या ११०० कोटी पॅरामीटरच्या मॉडेलला मागे टाकलं. त्यानंतर मॉडेलं खूप पुढे गेली आहेत. तरी पाणी कसं उकळतं हे पुस्तकातून माहीत असणं आणि त्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह बिघडलेला असताना भट्टीपर्यंत जाऊन पाणी उकळणं, यातलं अंतर त्या निकालाने नेमकं दाखवलं.

आता मदत किती करायची, याबद्दल. सफरचंद कुठे आहे हेच सांगून टाकलं तर एजंट यशस्वी होईल, पण आपल्याला काहीच कळणार नाही. माझ्या दृष्टीने रेषा इथे आहे: एजंटने स्वतः पाहिलेल्या गोष्टी नीट मांडून त्याच्यासमोर ठेवणं ही मदत, त्याने न पाहिलेली गोष्ट सांगणं म्हणजे उत्तर फोडणं. वही, नावांची तपासणी, फोकसआधीची दोन वाक्यं, हे सगळं रेषेच्या अलीकडे येतं. २०२३ च्या रिफ्लेक्शन पद्धतीत एजंट प्रत्येक अपयशानंतर ‘कुठे चुकलो’ हे स्वतःच्या शब्दांत लिहितो आणि तेच काम पुन्हा करतो. अशा रीतीने अल्फवर्ल्डमधली १३४ पैकी १३० कामं पूर्ण झाली. पद्धत चांगलीच आहे. पण तो आकडा वाचताना लक्षात ठेवावं की पुढच्या प्रयत्नात खोली तीच आणि वस्तूही त्याच जागी असतात. मागच्या वेळी सफरचंद कुठे दिसलं होतं ही आठवण त्या यशात सामील आहे. अनोळखी खोलीत पहिल्यांदाच शिरून वस्तू शोधण्याची क्षमता मोजायची, तर पहिल्या प्रयत्नाचा आकडा वेगळा पाहायला हवा.

असं जग मराठीत रचायचं ठरवलं तर? इंग्रजीत ‘ड्रॉवर १’ सगळ्या वाक्यांत तसाच राहतो. मराठीत डबा असतो, पण वस्तू डब्यात, डब्यावर, डब्यातून असते; पेल्याचंही तसंच. शब्दशः जुळणीची तपासणी ‘डब्यात’मध्ये ‘डबा’ शोधायला गेली तर हात हलवत परत येईल. म्हणून प्रत्येक वस्तूच्या नोंदीत मूळ रूपाबरोबर तिचं सामान्यरूपही साठवावं लागेल. बोलींचा प्रश्न तर त्याहून मोठा: पुण्यात पातेलं, मुंबई-कोकणात टोप, विदर्भात गंज. माणूस यातलं काहीही म्हणेल आणि जगात नाव एकच असेल, तेव्हा समानार्थी शब्दांची सूची मॉडेलच्या अंदाजावर न सोडता त्या त्या भागातल्या लोकांकडून करून घ्यावी लागेल.

पण मराठी एजंटला एक आयती मदतही मिळते. टेबलावर पेला, बशी आणि ताट असेल आणि सूचना आली, ‘ती धुऊन फडताळात ठेव’, तर इंग्रजीतल्या एजंटला तिन्ही वस्तू उमेदवार वाटल्या असत्या. मराठीत सूचना एकाच वस्तूबद्दल असेल तर ‘ती’ म्हणजे बशीच, कारण पेला तो आणि ताट ते. वस्तूंच्या नोंदीत लिंगाचा एक रकाना वाढवला की उमेदवार निवडणाऱ्या प्रोग्रामला हे काम एका ओळीत करता येईल; आणि टेबलावर बशीशेजारी वाटीही असेल, तर एजंटने अंदाज न बांधता ‘बशी की वाटी?’ असं विचारावं, एवढी आज्ञा त्या जगात पहिल्या दिवसापासून असावी.